सीबीनॅट, ट्रूनॅट आणि टीबीची पीसीआर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्टच्या खिडकीवर, फोनवर आणि आशाताईंच्या मार्फत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे कोणतं औषध घ्यायचं हे इथे सापडणार नाही. थुंकी नळीत पडल्यापासून कागदावर शब्द उमटेपर्यंत काय होतं आणि त्या शब्दांचा अर्थ कुठवर ताणायचा, तेवढं सांगते.

१. डॉक्टरांनी सीबीनॅट करायला सांगितलंय. पण थुंकी तर आधीच तपासली होती. मग ही वेगळी कसली तपासणी?

आधी तपासली ती काचपट्टीवर. थुंकीचा पातळ थर पट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्यांसारखे जंतू मोजायचे. रॉबर्ट कॉखने हा जंतू १८८२ मध्ये दाखवला, तेव्हापासून या पद्धतीचा गाभा तोच आहे. स्वस्त आणि भरवशाची, पण एक मिलीलीटर थुंकीत पाच ते दहा हजार जंतू असले तरच ते नजरेला पडतात.

सीबीनॅट आणि ट्रूनॅट जंतू बघत नाहीत. जंतूच्या डीएनएतला एक ठरावीक तुकडा शोधतात. सीबीनॅटच्या जुन्या कार्ट्रिजला (कार्ट्रिज म्हणजे नमुना ओतून यंत्रात बसवायची बंद डबी) मिलीलीटरमागे सव्वाशेच्या आसपास जंतू पुरतात, नव्या अल्ट्रा कार्ट्रिजला सोळाच्या आसपास. शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही त्याच नमुन्यातून कळतं. म्हणून काचपट्टी निगेटिव्ह आणि सीबीनॅट पॉझिटिव्ह हे आमच्याकडे रोजचंच. उलटं झालं असेल तर प्रश्न १३ पाहा.

२. चमचाभर थुंकीत मोजके जंतू, त्यात त्यांचा डीएनए. एवढंसं सापडतं तरी कसं?

आहे तेवढ्यातच धुंडाळत बसायचं नाही, आधी ते वाढवायचं आणि मग बघायचं, ही त्यातली युक्ती.

क्षयाच्या जंतूचा डीएनए सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे. त्यातला असा एक छोटा उतारा निवडतात, जो याच जंतूत असतो. त्या उताऱ्याच्या दोन्ही टोकांना नेमके चिकटतील असे वीसेक अक्षरांचे डीएनएचे तुकडे कारखान्यात बनवून घेतात. यांना प्रायमर म्हणतात. डीएनएची अक्षरं चारच, पण वीस जागांवर ती मांडायचे प्रकार एक लाख कोटींहून जास्त होतात. त्यामुळे थुंकीत माणसाच्या पेशी असोत, तोंडातले दुसरे जंतू असोत की रात्रीच्या भाकरीचा कण, प्रायमरची जोडी सहसा भलत्या ठिकाणी बसत नाही.

मग तापवणं सुरू होतं. ९५ अंशांच्या आसपास डीएनएचे दोन पदर सुटे होतात. थंड केलं की प्रायमर आपापल्या जागी चिकटतात आणि पॉलिमरेज नावाचं एन्झाइम प्रत्येक सुट्या पदराचा जोडीदार विणून काढतं. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवलं की दोनाचे चार. दहा फेऱ्यांत १,०२४, वीस फेऱ्यांत साडेदहा लाखांच्या जवळ, तीस फेऱ्यांत १०७ कोटी. हे कागदावरचं गणित. प्रत्यक्षात प्रत्येक फेरी पुरती दुप्पट भरत नाही. पण या वाढलेल्या तुकड्यांमुळे चमकणारा रंग मिसळलेलाच असतो, आणि चमक एका पातळीच्या वर गेली की यंत्र तिची नोंद घेतं.

हीच पीसीआर. कॅरी मलिस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला ती १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्याबद्दल नोबेल मिळालं. सुरुवातीला मोठी कटकट होती: ९५ अंशांना एन्झाइम निकामी व्हायचं, दर फेरीला नवं घालावं लागायचं. ती सुटली अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत १९६० च्या दशकात सापडलेल्या एका जंतूमुळे. सत्तर अंशांच्या आसपासच्या पाण्यात सुखाने राहणाऱ्या थर्मस अ‍ॅक्वाटिकसचं एन्झाइम तापवलं तरी टिकतं. वज्रेश्वरीच्या किंवा उनकेश्वरच्या कुंडापाशी गेले की मला हटकून हे आठवतं.

३. थुंकी नेमकी कशी द्यायची? दोनदा परत पाठवलं.

परत पाठवलं म्हणजे बहुतेक लाळ दिली होती. टीबीचे जंतू फुप्फुसात असतात, तोंडात नाही. आम्हाला हवा छातीतून आलेला बेडका: घट्ट, पिवळसर किंवा पांढरट, नळी तिरकी केली तर सावकाश घसरणारा. पाण्यासारखं, वर फेस असलेलं जे असतं ती लाळ. तिच्यावर दोन तास यंत्र चालवलं तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि तो खराही असतो, कारण त्या लाळेत जंतू नसतातच. फुप्फुसाबद्दल मात्र त्यातून काहीच कळलेलं नसतं.

सकाळी उठल्याउठल्याचा बेडका उत्तम, रात्रभर साचलेला असतो. काही खायच्या आधी साध्या पाण्याने चूळ भरा. मोकळ्या जागी जा, आजूबाजूला कोणी नको. दोन-तीनदा खोल श्वास घ्या, शेवटचा क्षणभर रोखा आणि पोटातून खोका. दोन ते पाच मिलीलीटर पुरे. आम्ही देतो त्या नळीवर, म्हणजे फाल्कन ट्यूबवर, रेघा असतात. झाकण फिरवून घट्ट लावा. लगेच आणता येत नसेल तर थंड जागी ठेवा, उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत नको.

आमच्याकडे एक आजोबा सलग तीन दिवस काळपट थुंकी घेऊन आले. मिश्री लावल्यावर थुंकून आणायचे. त्यांच्या सुनेने चौथ्या दिवशी मिश्रीची डबी लपवून ठेवली, तेव्हा कुठे नीट नमुना मिळाला. तंबाखू, गुटखा, पान यांचंही तेच. थुंकीत रक्त पडत असेल तर आधी सांगा. रक्तातलं हिम हे द्रव्य पॉलिमरेजच्या कामात अडथळा आणतं, त्यामुळे शक्यतो रक्त नसलेला भाग घेतो.

४. सीबीनॅट चांगली की ट्रूनॅट?

रुग्णाने निवडायची गोष्ट नाही. जवळच्या केंद्रात जी आहे ती करा. दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या आहेत, सीबीनॅट डिसेंबर २०१० मध्ये आणि ट्रूनॅट २०२० मध्ये.

सीबीनॅट म्हणजे जेनएक्सपर्ट नावाच्या अमेरिकी यंत्रावरची तपासणी. द्रव घातलेली थुंकी कार्ट्रिजमध्ये ओतली की जंतू फोडण्यापासून पीसीआरपर्यंत सगळं बंद डबीच्या आत होतं. यंत्र मात्र नाजूक. खोली ३० अंशांच्या वर गेलेली त्याला चालत नाही, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. एसी बंद पडला की यंत्रही बंद.

ट्रूनॅट आपल्याकडची. गोव्यातल्या वेर्ण्याची मोलबायो आणि बंगळुरूची बिगटेक यांनी बनवलेली. दोन छोटी यंत्रं: एक थुंकीतून डीएनए वेगळा काढतं, दुसरं पीसीआर करतं. मधलं काम हाताने. डीएनएचं सहा मायक्रोलीटर द्रावण, म्हणजे पावसाच्या एका थेंबाएवढं, पिपेटने चिपच्या खळग्यात सोडायचं. बुडबुडा येऊ द्यायचा नाही. नवीन मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की पहिला आठवडा या थेंबावरच जातो. पण यंत्रं बॅटरीवर चालतात, एसी लागत नाही. म्हणून ती प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचली. माझं मत विचाराल तर गावाजवळची ट्रूनॅट ही जिल्ह्याच्या सीबीनॅटपेक्षा बरी. नमुना वाटेत तापत नाही.

५. कोविडच्या वेळची आरटी-पीसीआर ती हीच का?

नात्यातली. कोरोना विषाणूची जनुकं डीएनएत नसून आरएनएत असतात, आणि पॉलिमरेजला आरएनए वाचता येत नाही. म्हणून आधी रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या एन्झाइमने आरएनएची डीएनए प्रत काढायची, मग नेहमीची पीसीआर. आरटीमधला आर त्या रिव्हर्सचा. अनेकांना तो रिअल टाइमचा वाटतो.

फरक नमुना सांभाळण्यात फार पडतो. आरएनए फारसा चिवट नसतो. आपल्या बोटांच्या घामातही त्याला चिरडून टाकणारी एन्झाइम असतात. म्हणून तेव्हा घशातला स्वॅब खास द्रवात बुडवून, बर्फात ठेवून धावपळ व्हायची. २०२० च्या सुरुवातीला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे देशभरातून नमुने जात होते. टीबीच्या जंतूचा डीएनए त्यामानाने दणकट. तो किती टिकतो त्याचा उपद्रव प्रश्न ११ मध्ये आहे.

६. तपासणी दोन तासांची म्हणता, मग रिपोर्ट उद्या का?

रांग. कार्ट्रिजच्या आधी थुंकी पातळ करायला पंधरा मिनिटं, मग यंत्रात दीड-दोन तास, आणि आमच्या यंत्रात एका वेळी चारच नमुने बसतात. ट्रूनॅटला डीएनए काढायला वीसेक मिनिटं आणि पीसीआरला चाळीसेक. पॉझिटिव्ह निघाला तर रिफाम्पिसिनसाठी दुसरी चिप लावावी लागते, तिचा वेगळा तास.

७. रिपोर्टवर "एमटीबी डिटेक्टेड, लो" आहे. म्हणजे टीबी थोडाच आहे ना?

असा अर्थ काढू नका. एमटीबी म्हणजे टीबीचा जंतू, डिटेक्टेड म्हणजे सापडला. हाय, मीडियम, लो, व्हेरी लो हे शब्द आजाराचं माप नाहीत, नळीतल्या जंतूंचा अंदाज आहेत. चमक कितव्या फेरीला दिसली त्या आकड्याला सीटी म्हणतात. सीबीनॅटच्या जुन्या कार्ट्रिजवर १६ च्या आत हाय, १६ ते २२ मीडियम, २२ ते २८ लो आणि २८ च्या पुढे व्हेरी लो. जंतू जितके जास्त तितकी चमक लवकर, त्यामुळे आकडा लहान म्हणजे जंतू जास्त. साधारण ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापट फरक.

छातीत मोठी पोकळी पडलेल्या माणसाने सकाळी घाईघाईत अर्धी लाळ दिली तर लो येईल. दुसऱ्या दिवशी नीट खोकून दिलं तर हाय. औषधं दोन्ही रिपोर्टवर तीच आणि तितकीच.

८. आणि "ट्रेस" आलं तर?

हा शब्द अल्ट्रा कार्ट्रिजवरच दिसतो. अल्ट्रा दोन प्रकारचे तुकडे शोधते. एक प्रकार जंतूच्या डीएनएत अनेकदा आलेला, म्हणून मोजक्या जंतूंतही सापडणारा. दुसरा आरपीओ-बी हा जनुक, जो एकदाच असतो. पहिला सापडला आणि दुसरा नाही, की ट्रेस. आरपीओ-बी नाही तर रिफाम्पिसिनबद्दलही बोलता येत नाही, म्हणून तिथे "इनडिटरमिनेट" छापलं जातं.

लहान मुलांत, एचआयव्ही असलेल्यांत आणि फुप्फुसाबाहेरच्या नमुन्यांत ट्रेस हा पॉझिटिव्हच धरतात. एरवी डॉक्टर ताजा नमुना मागवू शकतात. तुम्हाला पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर ते न विसरता सांगा; कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

९. मुलाला पहिल्यांदाच टीबी झालाय, अजून एकही गोळी घेतली नाही, तरी "रिफ रेझिस्टन्स डिटेक्टेड" कसं?

दोन शक्यता. एक म्हणजे त्याला लागण झाली तीच औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंची. ज्याच्याकडून लागली त्याच्या अंगात ते आधीच तसे झालेले होते. असं खरंच होतं.

दुसरी शक्यता गणितातली आहे. तपासणी आरपीओ-बी जनुकातला ८१ अक्षरांचा पट्टा बघते. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांत बदल याच पट्ट्यात असतो. पण अधूनमधून तिथे असाही बदल सापडतो ज्याने अक्षर बदलतं आणि औषधाला काहीच फरक पडत नाही. आणि जंतू फार कमी असले तरीही यंत्र फसू शकतं. समजा औषध लागू पडणाऱ्या शंभर जणांपैकी दोघांना चुकून रेझिस्टन्स दाखवला जातो. २०१४ ते २०१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी २.८४ टक्क्यांत अनेक औषधांना दाद न देणारा टीबी आढळला होता. म्हणजे हजार नव्या रुग्णांत खरे अठ्ठावीस, आणि उरलेल्या ९७२ पैकी चुकून सापडलेले एकोणीस. रेझिस्टन्सचे एकूण ४७ रिपोर्ट निघाले, त्यातले १९ खोटे! यंत्र तेच, चूकही दोनच टक्के, पण नव्या रुग्णांत तिचं वजन एवढं होतं.

म्हणून पूर्वी औषध न घेतलेल्या, घरात तसा रुग्ण नसलेल्या माणसात हा रिपोर्ट आला तर दुसऱ्या नमुन्यावर तपासणी पुन्हा करतात. ती करायला बोलावलं तर वैतागू नका. आणि मधल्या काळात स्वतःहून औषध बंद करू नका.

१०. रिपोर्टमध्ये रेझिस्टन्स नाही, तरी दोन महिन्यांनी खोकला तसाच. रिपोर्ट चुकला का?

बहुधा रिपोर्टला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं. नेहमीची सीबीनॅट आणि ट्रूनॅट फक्त रिफाम्पिसिनबद्दल सांगतात. आयसोनियाझिड हे दुसरं मुख्य औषध त्यात येत नाही, आणि वरच्याच सर्वेक्षणात ११ टक्के नव्या रुग्णांत त्याला प्रतिकार होता. त्यासाठी लाइन प्रोब ही वेगळी तपासणी असते. ती कॅटजी आणि आयएनएचए या जनुकांत बदल शोधते. डॉक्टरांना विचारा, ती पाठवली का.

फार क्वचित रिफाम्पिसिनचा बदल त्या ८१ अक्षरांच्या बाहेर असतो. आफ्रिकेतल्या एस्वाटिनी देशात असा एक प्रकार बराच पसरलेला निघाला आणि तो या तपासणीला दिसत नव्हता. अशा वेळी जंतू प्रयोगशाळेत वाढवून औषध घालून बघणं, म्हणजे कल्चर, हाच उपाय.

११. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला. मन राहवेना म्हणून खासगीत सीबीनॅट केली, ती पॉझिटिव्ह आली. आता?

मेलेल्या जंतूचा डीएनएही डीएनएच असतो. औषधाने जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष फुप्फुसातून महिनोन् महिने, काहींत वर्षांनीही, बेडक्यातून बाहेर पडतात. पीसीआरला जिवंत-मेलेलं कळत नाही. म्हणून उपचार लागू पडतो का, संपला का हे बघायला ही तपासणी वापरतच नाहीत. काचपट्टी, कल्चर, वजन, एक्स-रे आणि तुमची तब्येत बघतात. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाच, कारण आजार उलटलेलाही असू शकतो. पण त्या एका कागदावर पुन्हा कोर्स सुरू होत नसतो.

१२. निगेटिव्ह आला म्हणजे टीबी नाही, हे पक्कं?

फुप्फुसाचा टीबी, चांगला बेडका आणि निगेटिव्ह, तर बऱ्यापैकी भरवसा. नमुना लाळेचा असेल तर प्रश्न ३. छातीतलं पाणी तपासलं असेल तर निगेटिव्हला फार किंमत नाही. त्यात जंतू इतके कमी असतात की टीबी असूनही निम्म्याच्या आसपास रुग्ण सुटून जातात. मेंदूच्या टीबीतही निगेटिव्ह रिपोर्टवर डॉक्टर औषध थांबवत नाहीत, आणि ते बरोबर आहे.

१३. काचपट्टी पॉझिटिव्ह, सीबीनॅट निगेटिव्ह. कोणावर विश्वास ठेवू?

दोन्ही खरे असू शकतात. लाल रंग पकडणारा मेणचट आवरणाचा जंतू हा एकटा टीबीचाच नाही. माती-पाण्यात राहणारे त्याचे भाऊबंद, ज्यांना एनटीएम म्हणतात, तेही पट्टीवर तसेच दिसतात. पीसीआर त्यांना ओळखत नाही, ओळखूही नये. त्यांचा उपचार वेगळा असतो, म्हणून नमुना कल्चरला जातो.

जंतूच्या डीएनएतला फक्त आयएस ६११० हा एकच तुकडा शोधणाऱ्या, प्रयोगशाळांनी स्वतःच बसवलेल्या जुन्या पीसीआरला आणखी एक अडचण होती: आपल्याकडे, विशेषतः दक्षिण भारतात, काही टीबीच्या जंतूंत तो तुकडा नसतोच. म्हणूनच अल्ट्रा सोबत आयएस १०८१ ही बघते. आणि हो, दोन नळ्यांवरची नावं अदलाबदल झालेलीही असू शकतात. आम्हीही माणसंच.

१४. "इनव्हॅलिड" किंवा "एरर" म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

दोन्ही नाही. कार्ट्रिजमध्ये एका निरुपद्रवी जंतूचे वाळवलेले बीजाणू आधीच भरलेले असतात. यंत्राला निदान ते तरी सापडलेच पाहिजेत. तेही सापडले नाहीत तर थुंकीतल्या कशाने तरी पीसीआर अडली आहे, म्हणून इनव्हॅलिड. एरर बहुतेकदा थुंकी फार घट्ट राहिल्याने किंवा वीज गेल्याने. पुन्हा करतो.

१५. मानेतली गाठ काढून तपासायला दिली. प्रयोगशाळेने नमुना नाकारला.

बाटलीत फॉर्मेलिन होतं का? गाठीचे तुकडे पॅथॉलॉजीला पाठवताना फॉर्मेलिनमध्ये घालतात, त्याने पेशींचा आकार टिकतो. पण डीएनएची मोडतोड होते आणि जंतू मरतात, म्हणजे कल्चरही गेलं. एकदा एका मुलीची गाठ अशी आली. शस्त्रक्रिया झालेली, टाके पडलेले, आणि सगळीच्या सगळी गाठ एकाच बाटलीत फॉर्मेलिनमध्ये. मी फोनवर डॉक्टरांशी वाद घातला, पण त्याचा उपयोग काय? शस्त्रक्रियेच्या आधीच सांगून ठेवा: एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये, एक साध्या सलाइनमध्ये.

१६. तीन वर्षांची मुलगी थुंकी काढत नाही. आणि भाचा चार महिन्यांचा, काखेत बीसीजीनंतर गाठ; त्या गाठीतल्या पाण्यात "एमटीबी डिटेक्टेड".

लहान मुलं बेडका गिळतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी घेतात. आता शौचाचा नमुनाही सीबीनॅटवर चालतो.

भाच्याचं प्रकरण वेगळं. बीसीजी लस ही टीबीच्याच कुळातल्या जंतूची, जिवंत पण निर्बळ केलेली. तपासणी सगळं कूळ एकच धरते. त्यामुळे लस दिली त्याच बाजूच्या काखेतल्या गाठीत बीसीजीचा जंतू असला तरी कागदावर एमटीबी असंच उमटतं. लसीची तारीख आणि बाजू बालरोगतज्ज्ञांना सांगा.

१७. रक्तातून टीबीची पीसीआर होते का? एका लॅबच्या पॅकेजमध्ये आहे.

पैसे वाचवा. फुप्फुसाच्या किंवा गाठीच्या टीबीत जंतू रक्तात सहसा नसतात. रक्तातल्या अँटीबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या तपासण्यांवर तर भारत सरकारने २०१२ मध्ये बंदीच घातली.

१८. मूल होत नाही म्हणून गर्भाशयाच्या अस्तराची पीसीआर केली, "पॉझिटिव्ह" आली. नऊ महिने औषध घ्यायला सांगतायत.

हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो, आणि विचारणारी बहुतेकदा एकटीच आलेली असते.

गर्भाशयाचा टीबी असतो आणि त्याने वंध्यत्वही येतं, यात शंका नाही. शंका त्या कागदाची आहे. आधी बघा, ही बंद कार्ट्रिजवरची तपासणी आहे की उघड्या नळ्यांतली. उघड्या नळीत आधीच्या कुणाच्या पॉझिटिव्ह नमुन्यातले अब्जावधी तुकडे असतात. झाकण उघडताना त्यातला सूक्ष्म तुषार हवेत, पिपेटवर, हातमोज्यावर बसला की पुढच्या नमुन्यात तोच वाढतो. चांगल्या प्रयोगशाळा त्यासाठी तीन वेगळ्या खोल्या ठेवतात आणि माणूस उलट दिशेने जात नाही. शिवाय प्रत्येक वेळी यंत्र लावताना नमुन्यांसोबत नुसत्या पाण्याची एक नळी लावतात. ती पॉझिटिव्ह निघाली तर त्या खेपेचे सगळे निकाल फेकून देतात. त्या पाण्याच्या नळीचा निकाल मागायचा तुम्हाला हक्क आहे. विचारलं तर लॅब गोंधळते, तरी विचारा.

मग डॉक्टरांना विचारा: कल्चरला काय निघालं? अस्तराच्या बायोप्सीत गाठी दिसल्या का? दुर्बिणीतून गर्भनलिकांवर काही दिसलं का? यातलं काहीच नसेल आणि एकटी पीसीआरच असेल, तर औषध सुरू करण्याआधी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्या. अस्तराचा नमुना पुन्हा देणार असाल तर तो सलाइनमध्ये द्या. प्रश्न १५ मधली चूक इथे सर्वात जास्त होते.